पलीकडून उत्तर आलं पाहिजे

रात्री आठ-साडेआठला वसई-विरारमधल्या घराघरांत फोन वाजू लागतात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रूपवर उद्याचा अभ्यास आलेला असतो. 'मराठी : धडा 5, प्रश्न 2 आणि 3 वहीत लिहून आणणे.' त्याखाली पालकांची रांग लागते. 'ओके मॅडम', 'थँक्यू टीचर', जोडलेले हात, उंचावलेले अंगठे. अर्ध्या तासानं एखादी आई पूर्ण झालेल्या वहीचा फोटो टाकते आणि तेच उत्तर आणखी कितीतरी वह्यांत उतरतं. ग्रूप मराठीच्या अभ्यासाचा, पण त्यावर मुलाच्या मनातलं एक मराठी वाक्य वर्षभरात येत नाही.

असे ग्रूप सगळीकडेच आहेत आणि त्यात मी शिक्षकांना दोष देणार नाही. पन्नास मुलांच्या वर्गाला सूचना पोचवायची तर याहून सोपा मार्ग नाही. खंत आहे ती वेगळीच. भाषा शिकवणाऱ्याच्या हाती इतकं समर्थ साधन यापूर्वी कधी आलं नव्हतं, आणि आपण त्याचा सूचनाफलक करून टाकला. ब्लॉग असो, ग्रूप असो, यूट्यूबची वाहिनी असो की विकिपीडियाचं पान, भाषेच्या शिक्षणात त्याचं मोल एकाच गोष्टीवर ठरतं : लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकाखेरीज दुसरा वाचक मिळाला का, आणि त्या वाचकानं उत्तर दिलं का. उत्तर येत नसेल तर मोबाइलचा पडदा आणि भिंतीवरचा फळा सारखेच.

ही गोष्ट वसईतूनच सांगायला हवी, कारण भाषाशिक्षणाचे दोन अवघड प्रश्न इथं एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात. नालासोपारा किंवा वसई रोडला उतरून पश्चिमेची रिक्षा धरली की इमारती मागे पडतात आणि वाड्या लागतात. गास, भुईगाव, वाघोली, निर्मळ, उमराळे, नंदाखाल. केळी, पानवेली, भाजीचे वाफे, विहिरी, चर्च, देवळं. इथली घरची बोली सामवेदी. तिलाच कादोडी म्हणतात. सामवेदी ब्राह्मण आणि स्वतःला कुपारी म्हणवणारे सामवेदी ख्रिस्ती, दोघांचीही ती बोली. वसईतच दुसऱ्या गावांत वाडवळी ऐकू येते, पाचूबंदर-अर्नाळ्याला कोळ्यांची बोली, पूर्वेला डोंगरालगतच्या पाड्यांवर वारली. आणि रुळांच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या वस्त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, गुजरातपासून कोकण आणि घाटापर्यंत कुठकुठून आलेली कुटुंबं राहतात. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12,22,390 होती. त्यानंतर किती इमारती वाढल्या, ते लोकलमधून दिसतंच.

नालासोपाऱ्यातल्या हिंदी किंवा भोजपुरी बोलणाऱ्या घरातल्या मुलीला मराठी म्हणजे वेळापत्रकातला एक विषय. गासच्या वाडीतल्या मुलाला ती मातृभाषा, असं शाळा गृहीत धरते; पण आजीशी तो जे बोलतो ते पाठ्यपुस्तकात कुठंच छापलेलं नसतं. एक मूल मराठीत नवखं. दुसरं मराठीतलंच, पण त्याच्या बोलीला वर्गात जागा नाही. 2020 मध्ये महाराष्ट्रानं सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. तो योग्यच होता. त्यानंतर जिथं मराठी नव्हती त्या शाळांतही तिचा तास आला. पण या दोन मुलांना एकमेकांशी मराठीत बोलायला लावणारं काही कायद्यातून येत नसतं. ते शिक्षकालाच उभं करावं लागतं.

वसईचा पूर्वेतिहास या बाबतीत बोलका आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1557 च्या सुमारास इथलाच. किल्ल्यात जेझुइटांकडे शिकलेला हा मुलगा ऐन पौगंडात त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथल्या माणसांत वावरून जपानी भाषा अशी शिकला, की धर्मशिक्षणाच्या कामात त्याची मदत घेतली जाऊ लागली. पुढं व्यापारात पडल्यावरही ती भाषा सुटली नाही. 1593 मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचं शिष्टमंडळ जपानला निघालं, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर होते ते वसईचे ब्रदर गोन्सालोच. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर मृत्यू आला. त्यांची भाषा बाजारात आणि माणसांत घडली. चूक झाली की समोरच्याच्या चेहऱ्यावर कळत असेल आणि पुढच्या वाक्यात ती सुधारत असेल.

हे समोरच्याचं उत्तर किती मोलाचं, ते पुढं कॅनडात अभ्यासातून दिसलं. तिथं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना लहानपणापासून सगळे विषय फ्रेंचमधून शिकवणाऱ्या शाळा निघाल्या होत्या. मुलं दिवसभर फ्रेंच ऐकत, वाचत. काही वर्षांत त्यांची समज फ्रेंच मुलांच्या जवळपास गेली, पण बोलणं आणि लिहिणं कच्चं राहिलं, व्याकरण ढिलं राहिलं. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी 1985 मध्ये त्याचं कारण मांडलं. नुसतं कानावर पडून भाषा पुरी येत नाही. आपलं म्हणणं दुसऱ्याला कळावं म्हणून शब्द जुळवताना, अडखळताना आणि समोरच्याच्या प्रतिसादावरून ते दुरुस्त करताना ती पक्की होते. मराठी शिकवायला यूट्यूबवरचे व्हिडिओ लावून देणाऱ्या प्रत्येक शाळेनं हा निष्कर्ष लक्षात ठेवावा असं मला वाटतं. व्हिडिओ कान तयार करतो. पुढचं काम मुलाच्या स्वतःच्या वाक्यानं होतं, आणि ते वाक्य कुणाला तरी उद्देशून असावं लागतं.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. साने गुरुजी 1924 पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तिथलं छात्रालयही सांभाळत होते. मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' नावाचं हस्तलिखित काढत. सगळं हातानं लिहायचं आणि मुलांना वाचायला ठेवायचं, रोजच्या रोज. त्या मुलांना आपल्याच घरातलं, आपल्यासाठी लिहिलेलं मराठी दररोज वाचायला मिळालं. कुणाला ही केवळ आठवण वाटेल. मला त्यात भाषाशिक्षणाची एक पुरी पद्धत दिसते. नेमका वाचक, नेमका विषय आणि रोजचा नेम. ब्लॉग चांगला चालतो तोही याच तिन्हींच्या बळावर. त्याच 1924 साली फ्रान्सच्या दक्षिणेत सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातल्या शिक्षकानं वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपले अनुभव लिहीत, स्वतः खिळे जुळवत, छापत. 1926 पासून ती पानं ब्रिटनीतल्या समुद्राजवळच्या एका शाळेत टपालानं जाऊ लागली आणि तिकडची पानं इकडे येऊ लागली. डोंगरातल्या मुलांनी समुद्राबद्दल प्रश्न विचारले, समुद्राकाठच्यांनी डोंगराबद्दल. उत्तर देणाऱ्याला तपशील नीट लिहावाच लागे, कारण वाचणाऱ्यानं ते पाहिलेलं नव्हतं. आपल्या शाळांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं याच जातकुळीतली. त्यांची एकच अडचण होती, वाचक शाळेच्या भिंतीआडच राहायचा. इंटरनेटनं ती भिंत काढली.

इंटरनेटवरची मराठी मात्र सुरुवातीला शाळांत जन्मली नाही. ती घराच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या माणसांत जन्मली. 'मायबोली' हे संकेतस्थळ 1996 च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत सुरू झालं. तेव्हा देवनागरी टंकलेखन म्हणजे कसरत होती. एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निव्वळ खुणांचा ढीग होऊन दिसे. युनिकोड रुळल्यावर ती अडचण संपली. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. पुढच्या काही वर्षांत शेकडो माणसांनी मराठीत ब्लॉग लिहिले, ज्यांनी शाळा सुटल्यापासून मराठीत पत्राखेरीज काही लिहिलं नव्हतं अशांनी. परदेशातल्या मराठी शाळा बहुधा शनिवार-रविवारच्या. तिथल्या मुलांना आठवड्याच्या मधल्या दिवसांत मराठी भेटली ती आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलवर.

अमराठी माणसांना मराठी शिकवणाऱ्यांत कौशिक लेले यांचा उल्लेख करायला हवा. त्यांनी आपल्या ब्लॉगवर मराठीचे धडे इंग्रजीतून, पायरी पायरीनं मांडले आणि जोडीला यूट्यूबवर व्हिडिओ दिले. लिंग, विभक्ती, क्रियापदांची रूपं, सगळं पद्धतशीर. शिकणारे अडले की खाली प्रश्न विचारतात. नालासोपाऱ्यात नव्यानं आलेल्या, मुलाच्या शाळेतली सूचना न कळणाऱ्या एखाद्या आईला हा ब्लॉग फुकट उपलब्ध आहे, हे किती शाळांनी पालकसभेत सांगितलं असेल? मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानं विभा सुराणा यांच्या पुढाकारानं, राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानं 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार केला. परकीय भाषा शिकवायच्या आधुनिक पद्धती मराठीसाठी वापरणारा हा प्रकल्प. साहित्य आहे, माणसं आहेत. वर्गाशी त्यांची गाठ घालून द्यायची राहिली आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी या बाबतीत शहरांच्या पुढं पाऊल टाकलं, हे अभिमानानं लिहावंसं वाटतं. शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची शाळा डिजिटल शाळा म्हणून गाजली. 'तंत्रस्नेही शिक्षक' ही ओळख राज्यभर रुजली आणि खेडोपाडीच्या कितीतरी गुरुजींनी स्वतःचे ब्लॉग काढले. त्यातले बरेचसे शासन निर्णय, नमुना प्रश्नपत्रिका आणि तक्ते यांनी भरले, म्हणजे शिक्षकांनी शिक्षकांसाठी चालवलेले. मुलांचं लिखाण त्यात थोडं. या सगळ्यात परितेवाडीचं उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. सोलापूर जिल्ह्यातल्या या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी आले तेव्हा मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्यांना कळत नव्हती. गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पुस्तकांतला मजकूर मुलांच्या भाषेत नेला आणि त्यात क्यूआर कोड घातले. फोन धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना दहा लाख डॉलरचं 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झालं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत गाजला तो क्यूआर कोड. मला विचाराल तर थोर गोष्ट त्याच्या आधीची, शिक्षकानं मुलांची भाषा शिकण्याची.

आपल्या पालघर जिल्ह्याला हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शाळा मुलांच्या अंगणात नेणारी अंगणवाडी आणि गुरं राखणाऱ्या मुलांमागं रानात जाणारी कुरणशाळा या कल्पना तिथल्या. मूल जिथं आहे, जे बोलतं, तिथून सुरुवात करायची.

मग मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत सगळं मोबाइलवर आलं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागू लागली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'स्वाध्याय' नावाचा उपक्रम व्हॉट्सॲपवर आणला. दर आठवड्याला प्रश्न येत, मूल पर्याय निवडी, गुण कळत. संकटात एवढ्या मुलांपर्यंत पोचणं हे मोठंच काम होतं. पण भाषेसाठी ते अपुरं राहिलं, कारण चार पर्यायांतून एक निवडताना मुलाला स्वतःचं वाक्य करावं लागत नाही. त्या काळात वापरलेली साधनं आपण ठेवून घेतली. ती घाईतली पद्धतही बरोबर चिकटून राहिली, आणि रात्री साडेआठचा तो ग्रूप म्हणजे तिचाच अवशेष आहे.

शाळेबाहेर मात्र वसईनं फोनवर वेगळंच काही करून दाखवलं. सुनील डिमेलो यांची यूट्यूब वाहिनी मराठी प्रेक्षकांना चांगली परिचित आहे. वाड्या, जुनी घरं, लग्नाच्या रीती, शेती, खाणं, आणि हे सगळं सांगणारी साधी माणसं. त्यांच्या व्हिडिओंत वसईचे वृद्ध आपल्या बोलीच्या चालीवर बोलताना दिसतात. ज्या बोलीत पाठ्यपुस्तक कधी निघालं नाही, तिला पडद्यावर मानाची जागा मिळाली. आखातात, इस्रायलमध्ये, कॅनडात राहणारी वसईची मुलंमाणसं ते पाहतात. त्याआधी छापील वाटही होतीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे. 1983 ते 2007 त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचं संपादन केलं आणि ते चर्चच्या आवारातून उभ्या महाराष्ट्राच्या वाचकांत नेलं. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. घरी सामवेदी, लेखणीत प्रमाण मराठी, आणि दोन्हींत संकोच नाही. त्यांच्या पिढीनं हा प्रवास एकट्यानं केला. आजच्या मुलाला त्यासाठी सोबत देता येते. सामवेदीतून 'कादोडी' नावाचा अंकही निघाला. 'भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण' या प्रकल्पाच्या, अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्र खंडात सामवेदी आणि वाडवळी दोन्ही आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण हाती घेतलं, त्यातली बोलणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं कुणालाही संकेतस्थळावर ऐकता येतात. वर्गात फोन लावून सोलापूरचा शेतकरी आणि पालघरचा शेतकरी एकच गोष्ट कशी सांगतात ते ऐकवा. 'बोलीभाषा' या धड्याला दुसरं काही लागणार नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करता येईल, ते जरा जवळून पाहू. विषय घ्या सुकेळीचा. आठवीच्या वर्गातला वाडीतला मुलगा आजीसमोर फोन धरतो आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करतो : राजेळी केळी कशी पिकवायची, सोलायची, उन्हात किती मांडायची, केळीच्याच सुकल्या पानांत कशी बांधायची. आजी अर्थातच सामवेदीत बोलते. मग तो ते तसंच्या तसं लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीला अडतो. या स्वराला काय काढू? हा शब्द तोडू की जोडू? पुन्हा ऐकतो, पुन्हा. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या भाषेकडे इतक्या बारकाईनं पाहतो. त्यानंतर तेच तो प्रमाण मराठीत लिहितो, कारण वाचणार आहे नालासोपाऱ्याची वर्गमैत्रीण, जिनं सुकेळी कधी चाखलीही नसेल. शिक्षिका दोन्ही मजकूर आणि आवाज वर्गाच्या ब्लॉगवर ठेवते.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा प्रश्न येतो : 'पाऊस आला तर केळी भिजतो का? मग आजी काय करते?' त्याला उत्तर माहीत नसतं. तो आजीकडे जातो. आजी पाच मिनिटं सांगते, त्यात मागच्या एका वर्षाच्या अवकाळी पावसाची हकिगत असते. ती लिहिताना मुलगा भूतकाळ वापरतो, संवाद लिहितो, 'तेवढ्यात', 'म्हणून', 'नाहीतर' असे जोडशब्द त्याला गरजेपोटी लागतात. गृहपाठाच्या प्रश्न 2 आणि 3 मधून हे होणार नव्हतं.

आणि तिच्या 'केळी भिजतो'चं काय? हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदी घरातली मुलं सर्रास 'माझी पुस्तक हरवली' म्हणतात. इथं लाल पेन चालवायचं नाही. ब्लॉगवर सगळ्यांसमोर चूक दाखवली की ते मूल पुढं लिहीत नाही, त्याला लपायला जागाच राहत नाही. शिक्षिकेनं उत्तरच असं द्यावं : 'छान प्रश्न. केळी भिजतात का, आणि भिजली तर काळी पडतात का, दोन्ही विचारू या.' बरोबर रूप समोर आलं, संभाषणही चालू राहिलं. हाच प्रकार आई लहान बाळाशी नकळत करत असते. चुका वर्गात, नाव न घेता, आठवड्याच्या शेवटी एकत्र सांगाव्यात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 पासून आहेत, ते जरूर शिकवावेत, पण लिहायला घेतलेल्या मुलाला. न लिहिणाऱ्याला नियम शिकवून उपयोग नाही.

एक सावधगिरी सामवेदीपुरती. गुगलच्या कीबोर्डवर ऑगस्ट 2017 पासून मराठीत बोलून टंकता येतं. सोय फार मोठी आहे, पण ते यंत्र प्रमाण मराठीवर घडलेलं आहे. आजी बोलीत बोलली की ते जवळचा पुस्तकी शब्द धरून बसवतं आणि बोली गुपचूप पुसली जाते. बोलीचं लेखन हातानं, कान देऊनच करावं. वर्तनी एकसारखी नसली तरी बिघडत नाही. वर्गानं आपापसांत ठरवावी आणि ठरवताना भांडावं, त्या भांडणात भाषाशास्त्राचा अर्धा अभ्यास होऊन जातो. आता निबंधही यंत्राकडून लिहून मिळतात. सुकेळीवर तसा निबंध क्षणात येईल. त्या वर्षीच्या अवकाळी पावसात आजीनं काय केलं, ते मात्र त्यात नसेल.

अडचणी खऱ्या आहेत. घरात स्मार्टफोन एकच असतो आणि तो सकाळच्या लोकलनं बाबांबरोबर चर्चगेटला जातो. म्हणून ऑनलाइन तासापेक्षा ब्लॉग बरा. तो रात्री नऊला उघडला तरी चालतो, वाट पाहतो. ग्रूपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, तेव्हा मुलामुलींचे थेट ग्रूप काढूच नयेत. व्हॉट्सॲप, फेसबुकची स्वतःची अट तेरा वर्षं पूर्ण असण्याची आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं तर अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. खातं शाळेचं असावं, चेहऱ्यांचे फोटो नसावेत, मुलांनी टोपणनावं घ्यावीत. टोपणनावांची परंपरा मराठी साहित्यात काय थोडी आहे! मुलांना ती निवडताना मजाच येते. आजीचा आवाज चढवण्याआधी आजीलाही नीट विचारावं; तिचा आवाज तिचा आहे.

आणि जे लिहिलं ते एकाच कंपनीच्या दारात ठेवू नये. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झालं, ऑर्कुट 2014 मध्ये, जगभरच्या शिक्षकांचं आवडतं विकिस्पेसेस 2018 मध्ये, याहू ग्रूप्स 2020 मध्ये, एडमोडो 2022 मध्ये. शिक्षकांनी आणि मुलांनी तिथं लिहिलेलं बरंचसं नाहीसं झालं. टिकटॉकवर तर जून 2020 मध्ये एका दिवसात बंदी आली. वर्षअखेरीस ब्लॉगवरचा मजकूर छापून, टाचून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा. चांगली रेकॉर्डिंग आजीच्या संमतीनं विकिमीडिया कॉमन्सवर खुल्या परवान्यानं चढवावीत. प्रथम बुक्सनं 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मुलांच्या सचित्र गोष्टी खुल्या परवान्यानं आहेत, त्यांचं भाषांतर कुणालाही करता येतं. नववी-दहावीच्या मुलांनी एक गोष्ट सामवेदीत आणि एक वाडवळीत आणली तर पहिलीतल्या धाकट्या भावंडांना घरच्या बोलीतलं पुस्तक मिळेल.

यासाठी नवा शासन निर्णय निघायची वाट पाहायला नको. 2019-20 पासून दहावीच्या भाषा विषयांत अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण परत आले आहेत, ऐकणं-बोलणं आणि स्वाध्याय यांसाठी. बऱ्याच ठिकाणी ते गुण पाठ केलेलं भाषण म्हणवून घेऊन देऊन टाकले जातात. त्या 20 गुणांत एक मुलाखत, तिचं लेखन आणि वर्गमित्राच्या तीन प्रश्नांना दिलेली उत्तरं आरामात बसतात. खालच्या वर्गांना सुट्टीचा अभ्यास म्हणून पंधरा पानं शुद्धलेखन देण्याऐवजी हेच देता येईल. दिवाळीनंतर शाळा उघडतील तेव्हा निर्मळची कार्तिकी यात्रा तोंडावर असेल. वर्गाच्या ब्लॉगची पहिली नोंद त्या यात्रेवर लिहून घ्यावी. वाड्यांमधली मुलं तिथं दरवर्षी जातात, इमारतींमधल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाही, आणि त्यांच्याकडे विचारण्यासारखं पुष्कळ असेल.